साधनेला समुद्र कशाला?

पहाटे वाळूवर कराटेचा सराव, दुपारी तत्त्वचिंतन आणि सायंकाळी लाटांसमोर मौन, अशी शिबिरे समुद्रकिनारी भरतात. त्यांविषयी आपल्या धर्मग्रामांत दोन मते ऐकू येतात. एका पक्षाला हा परधर्माचा शिरकाव वाटतो. दुसऱ्याला अशा शिबिराखेरीज आत्मोन्नती अशक्य वाटते. मला दोन्ही मते अमान्य आहेत.

पहिल्या पक्षाने संत पौलांकडे पाहावे. करिंथकरांस लिहिताना त्यांनी धावपटूचा आणि मुष्टियोद्ध्याचा दृष्टान्त दिला, शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले. संत इग्नेशियस तर हाडाचे शिपाई. १५२१ साली पांप्लोना येथे तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि १५२२ मध्ये मोन्सेरात येथे पवित्र मरियेच्या वेदीपाशी त्यांनी तलवार अर्पण केली. तलवार सुटली, शिस्त सुटली नाही. आपल्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथारंभीच त्यांनी तिची तुलना चालण्याधावण्याच्या व्यायामाशी केली आहे. कराटे या शब्दाचा आजचा अर्थ ‘रिकामा हात’. ज्या प्रभूने स्वतःला रिक्त केले, त्याच्या अनुयायांनी या शब्दाला बिचकावे काय?

दुसऱ्या पक्षानेही सावध असावे. ख्रिस्ती चिंतनासंबंधी व्हॅटिकनने १९८९ साली काढलेल्या पत्रात देहाच्या आसनांचे साहाय्य नाकारलेले नाही; मात्र त्यातून लाभणारी शांतता म्हणजेच पवित्र आत्म्याचे सांत्वन, असा समज करून घेऊ नये, असा इशारा दिला आहे. व्यायामानंतरची प्रसन्नता म्हणजे प्रार्थना नव्हे. राग आवरता येतो की नाही, ही कसोटी घरातच लागते.

शिवाय राळेगावच्या कुटुंबाने काय करावे? कापसाच्या या मुलखातून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तेथवरचा प्रवास व शिबिराचे शुल्क शेतमजुराला झेपणारे नाही. साधना पैशावर अवलंबून राहिली, तर ती सधनांचा विरंगुळा ठरते. इग्नेशियस यांनी जेथे तप केले त्या मान्रेसालाही समुद्र नाही. तेथे एक नदी आहे, एवढेच.

व्यायामाची परंपरा तर विदर्भाच्या घरचीच आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. म्हणून माझे मागणे साधे आहे. जेथे चर्चचे आवार आहे, तेथे ते सायंकाळी मुलांना, विशेषतः मुलींना, लाठी, मल्लखांब, कराटे यांसाठी खुले करावे. सरावानंतर घटकाभर शुभवर्तमान वाचावे, मौन पाळावे आणि मग सर्वांनी घरी जाऊन रोजरी म्हणावी. एवढे झाले, तर समुद्राची उणीव भासणार नाही.