आम्हाला ४०२ मीटर द्या

महाराष्ट्रातल्या शहरांतून अधूनमधून एक फोटो छापून येतो. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडलेत आणि त्यांवरून रोड रोलर चाललाय. खाली शाबासकीच्या कमेंटा. नांदेडच्या आणि लातूरच्या पोरांनीही तो फोटो पाहिलेला असतो, आणि पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी बुलेटला नवा फटाका सायलेन्सर लागलेला असतो.

रोलरबद्दल माझी तक्रार नाही. रात्री बारा वाजता दवाखान्यासमोरून फटाके फोडत जाणाऱ्याची वकिली मला करायची नाही. तक्रार आहे ती एका समजुतीबद्दल. ती रोलर फिरवणाऱ्यांची आणि फटाके फोडणाऱ्यांची अगदी सारखी आहे: आवाज म्हणजे वेग.

साफ चूक. टू-स्ट्रोक गाडीचंच बघा. आपल्याकडे अजून जिवापाड जपली जाणारी यामाहा आरएक्स १०० घ्या: ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर. तिच्या सायलेन्सरचा फुगीर भाग शोभेचा नाही. सिलेंडरमधून निसटून गेलेलं ताजं मिश्रण दाबाच्या लाटेने परत आत ढकलायचं काम तो करतो. ही लाट नेमक्या क्षणी परतावी म्हणून त्याची लांबी आणि उतार हिशोबाने ठरवलेले असतात. तो कापला की आवाज वाढतो आणि ताकद पळून जाते. फोर-स्ट्रोकचंही तेच. जेट न बदलता नुसती मोकळी नळी लावली, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, आणि मधल्या आरपीएमला गाडी आधीपेक्षा मंद होऊ शकते.

ड्रॅगसाठी गाडी लावणं म्हणजे हा हिशोब. पुढचं स्प्रॉकेट १४ दात्यांचं, मागचं ४२ चं, म्हणजे गुणोत्तर ३. मागचं ४५ चं केलं की ३.२१. चाकाला जोर सुमारे ७ टक्के जास्त, पण प्रत्येक गिअर तेवढाच लवकर संपणार. शेवटची रेषा यायच्या आत टॉप गिअर संपला तर मिळवलेलं सगळं गेलं. मग हवा. मे महिन्यात नांदेडला ४३ अंश असतं, तेव्हा हवा १५ अंशांच्या मानाने जवळपास ९ टक्के विरळ असते. सिलेंडरमध्ये ऑक्सिजनच कमी जातो, आणि थंडीत बसवलेलं जेट उन्हाळ्यात जड पडतं. म्हणून मिस्त्री प्लग काढून बघतो: काळा काजळलेला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा पडलेला म्हणजे कमी, फिकट चहाच्या रंगाचा म्हणजे जमलं. क्लच किती घसरू द्यायचा, मागच्या टायरात हवा किती ठेवायची, वजन कुठून काढायचं, हे सगळं त्यानंतर.

आणि हे सगळं बरोबर जमलं की नाही, हे सांगणारी वस्तू एकच: घड्याळ. ड्रॅगमध्ये पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. पहिल्या ६० फुटांची वेळ वेगळी, २०१ मीटरची वेगळी, शेवटची वेगळी. ६० फुटांत मागे पडलात तर दोष सुटण्यात किंवा क्लचमध्ये शोधा, शेवटी मागे पडलात तर गिअरिंग आणि ताकद तपासा. हे आकडेच नसतील तर बाकीची ट्यूनिंग म्हणजे गप्पा.

मी इंजिनिअरिंग केलं, आता पोटासाठी कोड लिहितो. कोड लिहिताना रोज एक गोष्ट करतो: एक बदल करायचा, मोजायचं, फरक पडला नाही तर मागे घ्यायचा. ही शिस्त चार वर्षांच्या डिग्रीत मला नीट भेटली नाही, पण देगलूर नाक्याकडच्या एका गॅरेजात आठवी शिकलेल्या मिस्त्रीकडे होती. एका वेळी एकच जेट बदलायचा आणि वहीत लिहून ठेवायचा. त्याच्याकडे सगळं होतं, मोजायला जागा तेवढी नव्हती. मग पोरं जागा शोधतात. बायपास.

बायपासचं गणितही करा. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. चांगले ब्रेक, कोरडा रस्ता असला तरी थांबायला ७५-८० मीटर लागतात, आणि ते ब्रेक दाबल्यानंतर. समोर उसाची ट्रॉली दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत आणखी ३३ मीटर गेले. ट्रॉलीला मागे दिवा नसतो. ट्रॅकवर रेषेनंतर थांबायला लांब मोकळी पट्टी ठेवलेली असते. बायपासवर रेषेनंतर कुणाचं तरी घर, कुणाची तरी म्हैस, कुणाचा तरी बाप असतो.

कायदा याबद्दल काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचं कलम १८९: सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. योग्यच आहे. पण त्याच कलमात सगळे विसरतात असे शब्द आहेत: राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय. म्हणजे संमतीची वाट कायद्यानेच ठेवलीय. त्या वाटेने मराठवाड्यातून कुणी जाताना दिसत नाही.

दुसऱ्या एका शर्यतीसाठी मात्र आपण दिल्लीपर्यंत गेलो. बैलगाडा शर्यत २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने थांबवली. महाराष्ट्राने २०१७ साली कायदा केला, नियम केले, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी सक्तीची केली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा मान्य केला. बैलांच्या वेगासाठी सरकार एवढं करतं आणि पोरांच्या वेगासाठी फक्त रोलर पाठवतं.

जगात हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतही पोरं रस्त्यावरच पळवायची. १९५० साली कॅलिफोर्नियात सांता अ‍ॅनाच्या विमानतळावर धावपट्टीचा वापर करून नियमित ड्रॅग सुरू झालं; पुढच्याच वर्षी नियम लावणारी संघटना उभी राहिली. आपल्याकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती झाल्यात. आणि लातूरला? विमानतळ आहे, ज्यावर कित्येक वर्षं नियमित प्रवासी विमान नाही. वर्षातले दोन रविवार मागतोय आम्ही.

‘ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हे चोचले?’ हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाही. पण आम्ही पैसा मागत नाही. अ‍ॅम्ब्युलन्स, बॅरिकेड, विमा, घड्याळ यांचा खर्च प्रवेश फीतून निघू शकतो. हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज नसतील तर गाडी रेषेवर यायचीच नाही. शर्यतीची गाडी टेम्पोत घालून आणायची आणि टेम्पोतच न्यायची.

‘ट्रॅक दिला तरी पोरं बायपासवर जातीलच.’ काही जातील. पण बायपासवरच्या फुशारकीचं अन्न म्हणजे न मोजलेला वेग. तिथे प्रत्येकाची गाडी ‘लई पळते’. छापील कागदावर १७ सेकंद आले की फटाकेवाल्याची बोलती बंद होते, आणि शेजारची शांत आरएक्स १५ मध्ये आली की तो मिस्त्रीकडे वही मागायला जातो.

लातूर पॅटर्न म्हणून आपण मिरवतो तो तरी काय आहे? टेस्ट द्यायची, मार्क बघायचे, कुठे कमी पडलो ते शोधायचं, पुन्हा टेस्ट. पोराचं डोकं दर रविवारी मोजणाऱ्या शहराने त्याच्या हातांनाही एखादा रविवार द्यावा. धावपट्टी आहे, कलम आहे, मिस्त्री आहेत. उरलीय ती एक लेखी सही.