ओटीवरची सभा



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा गणपतीची तयारी सुरू झालेली असेल. गणपती बसतो त्या भिंतीला रंग लागला असेल, मंडपीला बांधायची कवंडळे आणि हरणे कुठल्या सड्यावर मिळतील याची चौकशी पोरे करत असतील, आणि मुंबईहून कोण कुठल्या गाडीने येणार हे फोनवर ठरत असेल. दर वर्षी या सुमारास मी पसवत्या भातावर लिहितो. यंदाही लिहिणार आहे. पण आधी, आरती झाल्यावर ओटीवर जे दुसरे पीक जोमाने येते, त्याविषयी बोलू. ते पीक राजकारणाचे.

लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीतला. त्यांनी १८९३ पासून गणपतीला चौकात आणून सार्वजनिक उत्सवाला जोर दिला, लोक एकत्र जमावेत आणि देशाचा विचार व्हावा म्हणून. गंमत अशी, की त्यांच्या जिल्ह्यात गणपती मुख्यतः घरातच राहिला. त्यामुळे सभाही घरातच भरते. तिला अध्यक्ष नसतो, ठराव नसतो, आणि कोणी कोणाचे भाषण पुरे होऊ देत नाही.

आमच्या घरी ही सभा माझ्या आजोबांपासून चालू आहे. राजापूर मतदारसंघातून बॅ. नाथ पै १९५७ पासून तीनदा निवडून आले, त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते १९७१ पासून पाच वेळा. आजोबा या दोघांचे भक्त. कोकण रेल्वे होणार की नाही यावर आमच्या ओटीवर वीस-एक वर्षे वाद झाला. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला आणि तो विषय संपला. मग मुंबई-गोवा महामार्गाने रेल्वेची जागा घेतली. मधल्या काळात गुहागरकडचा एन्रॉन झाला, २०११ साली जैतापूर पेटले, नंतर नाणार, मग बारसू. ओटी विषयावाचून कधी राहिली नाही. मी मात्र सरकारी नोकर. १९७९ च्या वर्तणूक नियमांनी मला राजकारणात पडायला मनाई आहे. म्हणून मी सुपारी कातरत बसतो आणि ऐकतो. ऐकणाऱ्याला पुष्कळ दिसते.

मला आठवणारा पहिला मोठा वाद १९८२ चा. मी तेव्हा आठवीत होतो. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि परळच्या गिरणीत असलेले काका त्या गणपतीला रिकाम्या हाताने आले. तोवर घर चालायचे ते त्यांच्या मनिऑर्डरीवर. आजोबा म्हणायचे, संप फार ताणला. काका म्हणायचे, आता मागे फिरलो तर मेलो. रोज रात्री आवाज चढायचा, आजी आतून भांडी आपटायची. पण सकाळी दोघे एकाच बांधावर. विसर्जनानंतर काका मुंबईला गेलेच नाहीत, भात कापून-झोडून दिवाळीनंतर गेले. गिरणीत त्यांना पुन्हा काम मिळाले नाही. आमच्याकडून दर वर्षी भाताची दोन पोती त्यांच्या खोलीवर जात राहिली.

आता २०२३ चे सांगतो. त्या वर्षी एप्रिलमध्ये पोलीस बंदोबस्तात बारसूच्या सड्यावर माती परीक्षण झाले होते. आमचा गाव तिथून लांब. रिफायनरी आली असती तरी आमची गुंठाभर जमीन जाणार नव्हती. तरी वाद आमच्याच ओटीवर पेटला. काकांचा मुलगा अण्णा, मुंबईला खासगी नोकरीत. तो म्हणाला, कारखाना यायलाच हवा. घरची शेती बघणारा माझा धाकटा भाऊ म्हणाला, आंबा-काजू आणि मासळी गेल्यावर त्या नोकऱ्या काय चाटायच्या? अण्णा म्हणाला, “गिरणी गेली तेव्हा माझ्या बापाला गावानं भात दिलं, काम नाही दिलं.” मंडळी, हे वाक्य खोटे नव्हते. भावाचेही खोटे नव्हते. पण वाद हरू लागला की माणूस मुद्दा सोडून माणसाला धरतो. भाऊ बोलून गेला, “तू दहा दिवसांचा पाहुणा. तुला काय कळतंय इथलं?”

स्वतःच्या घरात पाहुणा म्हटलेले कुणाला सोसेल? अण्णा दुसऱ्या दिवशी आरतीला उभा राहिला नाही. गौरी-विसर्जन झाले आणि तो मुलांना घेऊन निघून गेला. भाताची पोती पडवीतच राहिली.

आता यात शेतीचा संबंध कुठे आला ते ऐका. घरामागच्या वरकस उतारावर वेंगुर्ल्याच्या जातींची काजूची कलमे लावायचे ठरले होते. सात बाय सात मीटरवर खड्डे मारून झाले होते. जमीन सामाईक. योजनेचे अनुदान घ्यायचे तर सातबाऱ्यावरच्या इतर खातेदारांचे संमतीपत्र लागते. १९९० साली रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर फळबागा सुरू झाल्या, तेव्हा याच काकांनी एका पत्रासरशी सही पाठवली होती आणि आमची पुढची बाग उभी राहिली. आता अण्णाची सही आली नाही. मी गावोगाव बैठका घेऊन सांगतो, की बाबांनो, आधी संमतीपत्रे गोळा करा. आणि माझ्याच घरचा कागद कपाटात पडून. २०२४ च्या पावसात ते खड्डे पाण्याने भरले, मातीने बुजले, वर रान माजले. जिल्ह्यात फिरताना असे ओस उतार दिसले की पूर्वी मी मनात म्हणायचो, आळशी लोक. आता म्हणत नाही.

या सगळ्यात एका माणसाला कोणी काही विचारले नव्हते. माझी भावजय ग्रामपंचायतीची सदस्य आहे. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत, त्यातून निवडून आलेली. पण ओटीवर ग्रामपंचायतीच्या कारभारावर चर्चा रंगलेली आणि सदस्यबाई चुलीपुढे मोदक वळताहेत, हा देखावा आमच्याकडे दर वर्षी. ती काळ्या वाटाण्याच्या उसळीचे पातेले घेऊन बाहेर आली की विषय बदलतो, जणू आत राजकारण समजत नाही. त्या वर्षी राहिलेली पोती तिनेच गावातल्या एकाच्या टेम्पोतून मुंबईला पाठवली. कुणाला न विचारता.

गेल्या वर्षी, २०२५ ला, अण्णा आला. तिने त्याला चहा दिला आणि म्हणाली, “भावोजी, वाद रात्री घाला. सकाळी आधी उतारावर जाऊन येऊ.” ती, अण्णा आणि माझा भाऊ तिघे गेले. बुजलेले खड्डे अण्णाने पाहिले. वाटेत काय बोलणे झाले मला ठाऊक नाही, मी ड्युटीवर होतो. संध्याकाळी घरी आलो तेव्हा सही झालेली होती. रात्री दोघे शिवसेनेच्या दोन तुकड्यांवरून बारा वाजेपर्यंत भांडले. मधे जाखडीवाले नाचायला आले तेव्हा कुठे आवाज थांबला. शक्ती-तुऱ्यात तरी दुसरे काय असते? एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातून उलटवायचा, आणि घामाघूम होऊन दोघांनी एकाच किटलीतला चहा प्यायचा.

आता भाताचे. हळव्या जाती या दिवसांत दाणा धरतात, निमगरव्या-गरव्या त्यांच्या मागे असतात. पाहुण्यांच्या गडबडीत शेताकडे फेरी चुकते आणि नेमके तेव्हाच तपकिरी तुडतुडे वाढतात. बांधावरून ते दिसत नाहीत. चूड हाताने फाकवून बुंध्याशी, पाण्याच्या वर बघा. दिसले तर खाचरातले पाणी काढून टाका आणि युरियाचा हात आवरा. मुंबईकरांना सकाळी बरोबर न्या. लहानपणी चूड कशी फाकवायची ते शिकलेले असतात, विसरत नाहीत.

आमच्या उताराची तेवढी एक सही अजून बाकी आहे. बडोद्याच्या आत्याच्या मुलाची. तो यंदा गौरीला येतो म्हणाला आहे, आणि भावजयीने कागद कपाटातून काढून मोदकपात्राशेजारी ठेवला आहे.