काढणीची वेळ : जयपूरच्या परसबागेतील एक उपेक्षित प्रश्न

मे महिन्यात जयपूर शहरातील हवेचे तापमान दुपारी वारंवार 40 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. पश्चिमेकडून येणारे कोरडे, तप्त वारे वाहू लागतात. तेथील लोक त्यांना ‘लू’ म्हणतात. अशा दिवसांतही कित्येक घरांच्या मागील अंगणात दुधी, दोडका, काकडी, ढेमसे, भेंडी व गवार यांचे वाफे हिरवे राखलेले आढळतात. बियाणे फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरलेले असते. त्यानंतर खत, आळी, मांडव, सावली आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी, या सर्वांची काळजी गृहस्थ मोठ्या आस्थेने घेतो. परंतु फळ धरल्यावर त्याचे लक्ष ओसरते. फळ वेलीवरच तर आहे, गरज लागेल तेव्हा काढू, अशी समजूत असते. काढणी हा ज्ञानाचा विषय आहे, असे फारसे कोणास वाटत नाही.

ही समजूत चुकीची आहे. काढणी हा बागकामाचा शेवट नसून बागकामाचाच एक भाग आहे; आणि जयपूरसारख्या अल्पजल प्रदेशात वेळेवर काढणी न करणे म्हणजे पाण्याची उधळपट्टी करणे होय.

वनस्पतीचा हिशेब

भेंडीचे झाड किंवा दुधीचा वेल फळ धरतो तो बीज तयार करण्यासाठी. माणसास हवे असते ते कोवळे, अर्धे वाढलेले फळ. वनस्पतीचे चक्र पूर्ण होते ते बी पक्के झाल्यावर. या दोन गोष्टींतील अंतर ओळखणे हेच काढणीचे मर्म आहे.

पाने सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने जी शर्करा तयार करतात, तिची वाटणी मूळ, खोड, नवी पालवी, फुले आणि फळे यांच्यात होते. वाढणारे फळ या वाटणीत मोठा हिस्सा ओढून घेते. फळातील बी भरू लागले की त्यात स्निग्ध पदार्थ व प्रथिने साठू लागतात, आणि तेवढ्याच वजनाच्या पाणीदार गरापेक्षा ती तयार करण्यास वनस्पतीला कितीतरी अधिक खर्च पडतो. शिवाय वाढत्या बियांतून निघणारी संप्रेरके नव्या फळांच्या वाढीस अटकाव करतात. वेलीवर एक काकडी पिवळी होईपर्यंत राहिली, तर तिच्यापुढच्या कळ्या गळताना किंवा लहान फळे सुकताना दिसतात. पुष्कळदा त्याचे कारण रोग नसून हेच असते. तीच काकडी कोवळी असताना काढली असती, तर वेल पुढील फळांकडे वळला असता.

उन्हाळ्यात ही गोष्ट अधिकच महत्त्वाची ठरते. वेलवर्गीय भाज्यांत नर आणि मादी फुले निरनिराळी असतात. दिवस मोठा आणि उष्णता तीव्र असली म्हणजे नर फुलांचे प्रमाण वाढते, मादी फुले कमी येतात. तेव्हा जे प्रत्येक मादी फूल येते त्याला पोसण्याची संधी वेलीला मिळाली पाहिजे. एका निबर फळासाठी ती संधी गमावणे परवडणारे नाही.

पाण्याचा हिशेब

काढणी आणि पाणी यांचा संबंध साध्या अंकगणिताने स्पष्ट होईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. दहा चौरस मीटरच्या लहानशा परसबागेतून उन्हाळ्यात दिवसाला सहा मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तर रोज साठ लिटर पाणी द्यावे लागेल. झाडावरील भेंडी कोवळी आहे की जून झाली आहे, याच्याशी या साठ लिटरांना कर्तव्य नाही. पानांची तहान तीच राहते. काढणी एक आठवडा लांबली आणि त्या आठवड्यात झाडाने केवळ निबर शेंगाच वाढविल्या, तर 420 लिटर पाणी उपयोगी भाजीच्या रूपाने परत आले नाही असा त्याचा अर्थ होतो. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरांसाठी भारतात दरडोई दररोज 135 लिटर पाणी हे प्रमाण मानले जाते. म्हणजे तीन माणसांच्या एका दिवसाच्या पाण्याहून अधिक पाणी त्या आठवड्यात वाया गेले.

हे पाणी जयपुरात कोठून येते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. एके काळी शहराची तहान भागविणारा रामगढचा जलाशय एवढा विस्तीर्ण होता, की 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती तेथे झाल्या. पुढे तो कोरडा पडला. आज शहराला मुख्यतः टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरच्या बीसलपूर धरणातून, शंभराहून अधिक किलोमीटरवरून पाणी आणावे लागते. इतक्या दुरून आलेले पाणी परसबागेत वापरावे की नाही, याविषयी मतभेद होऊ शकतील. धुणी-भांड्यांचे निवळलेले, तीव्र साबण नसलेले पाणी वापरणे केव्हाही श्रेयस्कर. पण वापरलेच, तर त्याचे रूपांतर खाण्याजोग्या भाजीत झाले पाहिजे, याबद्दल दुमत होऊ नये.

दिवस मोजण्याची सवय

काढणीची वेळ ओळखण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फूल उमलल्यापासूनचे दिवस मोजणे. भेंडी फुलानंतर सुमारे पाच ते सात दिवसांत काढावी. तिचे टोक बोटाने वाकविताच कट्कन मोडले पाहिजे. टोक नुसते लवले, तर आत तंतू तयार झाले असे समजावे. दोडका आणि घोसाळे साधारण आठवड्याभरात, काकडी आठ ते दहा दिवसांत आणि दुधी बारा ते पंधरा दिवसांत काढणीस येतो. दुधीच्या सालीवर बारीक लव असावी आणि नख सहज रुतावे. ढेमशाच्या अंगावरची लव गेली आणि आतील बी कडक लागले, की त्याची वेळ टळली असे खुशाल समजावे. हवामान व वाण यांप्रमाणे या आकड्यांत दोन-चार दिवसांचा फरक पडेल. परंतु मोजण्याची सवय लागली म्हणजे तो फरकही आपोआप कळू लागतो. सवाई जयसिंहांनी ज्या शहरात दोन सेकंदांपर्यंतचा काळ दाखविणारे सूर्ययंत्र उभारले, त्या शहरात पाच दिवसांची गणना कोणास जड जाऊ नये.

दिवसाइतकीच प्रहरालाही किंमत आहे. रात्री पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन मंदावते, मुळे पाणी ओढत राहतात, आणि पहाटेपर्यंत फळे टवटवीत व थंड होतात. सूर्य वर आला की हे चित्र पालटते. काढलेली भाजीदेखील सजीव असते. ती श्वसन करते आणि आपली साठविलेली शर्करा खर्च करते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारणतः दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणून पहाटे खुडलेली भेंडी आणि दुपारी खुडलेली भेंडी संध्याकाळपर्यंत एकसारखी राहत नाही. फळ ओढून तोडू नये. लहान देठ ठेवून चाकूने किंवा कात्रीने कापावे. ओढल्याने वेलीला इजा होते आणि त्या जखमेतून रोग शिरतो. कीटकनाशक फवारले असेल, तर वेष्टनावर सांगितलेली मुदत संपल्याखेरीज काढणी करू नये.

काढलेली भाजी शीतकपाटात कोंबणे हा नेहमीच योग्य उपाय नव्हे. भेंडी, काकडी यांसारख्या उष्ण प्रदेशातील भाज्यांना फार थंडीने डाग पडतात. जयपूरच्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने मिळणारा थंडावा त्यांना अधिक मानवतो. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच तत्त्वावर दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत 1980 च्या दशकात विटांच्या दुहेरी भिंतीचा आणि मधल्या पोकळीत ओली वाळू भरलेला शीतकक्ष तयार करण्यात आला. त्याला वीज लागत नाही. हवा जितकी कोरडी, तितका तो अधिक उपयोगी. पावसाळी दमट हवेत त्याचा प्रभाव कमी होतो. घरगुती प्रमाणावर ओलसर सुती कापडाने झाकलेली टोपलीही बरेच काम करते.

एक सावधगिरी येथेच सांगणे अवश्य आहे. दुधी, काकडी, दोडका यांच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात आणि पाण्याच्या ताणाने व उष्णतेने त्यांचे प्रमाण वाढू शकते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ-समितीच्या, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने कडू दुधीचा रस मुळीच पिऊ नये असा इशारा दिला आहे. शिजविण्यापूर्वी लहानशी फोड चाखावी. कडू लागल्यास थुंकून टाकावी आणि ते फळ फेकून द्यावे. येथे काटकसर करू नये.

आक्षेप आणि उत्तर

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की फळ मोठे होऊ देणे हीच खरी काटकसर आहे. तीन किलोंचा एक दुधी अर्ध्या किलोच्या एका दुधीपेक्षा अधिक माणसांना पुरतो. परंतु तुलना एका फळाची एका फळाशी करावयाची नसून, एका वेलीच्या सबंध हंगामाची दुसऱ्या वेलीच्या सबंध हंगामाशी करावयाची आहे. मोठ्या दुधीतील कडक बिया व दोरकट गर टाकून द्यावा लागतो आणि त्या काळात न धरलेली फळे कोणी मोजतच नाही. न आलेले फळ दिसत नाही, म्हणून त्याची हानीही दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. प्रत्येक भाजी कोवळीच काढावी, असा सरसकट नियम करता येत नाही. लाल भोपळा साल कठीण झाल्यावर आणि देठ वाळल्यावरच काढावा. तरच तो महिनोन्महिने टिकतो. जयपूरजवळच्या दुर्गापुरा येथे विकसित झालेल्या ‘दुर्गापुरा मधु’सारख्या खरबुजाची गोडी वेलीवर पिकल्यावरच भरते. महाराष्ट्रातील शेंदाडाशी नाते सांगणारी काचरी पक्व करून, वाळवून आंबटपणासाठी वापरतात. बियाण्यासाठीही एखादे निरोगी फळ दोरा बांधून राखावेच लागते. मात्र बियाणे संकरित असेल, तर त्यापासून तसेच झाड येण्याची खात्री नसते. ही सर्व उदाहरणे मूळ सिद्धांताला बाधक नसून पोषकच आहेत. काढणी लवकर करावी असे म्हणणे नाही. ती जाणून-बुजून, ठरलेल्या वेळी करावी, एवढेच म्हणणे आहे.

राजस्थानच्या लोकांना हे ज्ञान नवे नाही. खेजडी, म्हणजे महाराष्ट्रात दसऱ्याला आठवणारी शमी, हा 1983 पासून त्या राज्याचा राज्यवृक्ष आहे. तिच्या कोवळ्या हिरव्या शेंगा उन्हाळ्यात खुडून वाळवितात. त्यांस सांगरी म्हणतात. वेळ चुकली की शेंग पिकून खोखा बनते. तिची चव निराळी, उपयोगही निराळा. केराची, म्हणजे नेपतीची, फळेही हिरवी असतानाच तोडून मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवितात. पाण्याचे दुर्भिक्ष सोसलेल्या समाजाने रानातील झाडांविषयी जी दक्षता पिढ्यानपिढ्या पाळली, ती नळाचे पाणी मिळू लागल्यावर परसबागेत मात्र सुटली, असे खेदाने म्हणावे लागते.

शाळांचे कर्तव्य

या बाबतीत शाळांची जबाबदारी विशेष आहे. केंद्र शासनाने 2019 साली शाळांतील पोषण-बागांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि मुलांच्या दुपारच्या जेवणात अशा बागांतील भाजीचा समावेश व्हावा, असा त्यांचा हेतू होता. हा उपक्रम स्तुत्य आहे. परंतु बहुधा समारंभ होतो तो लागवडीचा. रोप लावतानाचे छायाचित्र भिंतीवर लागते. भाजी किती निघाली, केव्हा काढली आणि कोणाच्या ताटात गेली, याची नोंद क्वचितच राहते. त्यातून उन्हाळी भाज्या भरात येतात नेमक्या सुटीत. कुलूपबंद शाळेच्या आवारात निबर झालेली भेंडी मुलांना काहीही शिकवीत नाही.

यावर उपाय कठीण नाही. ज्या शाळेत सुटीत काढणी करणारे कोणी नसेल, तिने उन्हाळी वाफे लावूच नयेत. तेवढे पाणी वाचवावे आणि पावसाळी पेरणीची तयारी करावी. ज्यांनी लावले असतील, त्यांनी जवळपास राहणाऱ्या विद्यार्थ्यांची पाळी लावावी आणि खुडलेली भाजी त्यांच्याच घरी जाऊ द्यावी. प्रत्येक बागेजवळ एक साधी वही असावी. तिच्यात फूल उमलल्याची तारीख, काढणीची तारीख, वजन आणि त्या दिवशी दिलेल्या पाण्याच्या बादल्या, एवढेच चार रकाने पुरेत. एका हंगामाच्या नोंदींवरून विद्यार्थ्यास कोणत्या भाजीला किती पाणी लागले आणि उशिरा काढणी केल्याने काय गमावले, हे स्वतःच्या आकड्यांवरून काढता येईल. निरीक्षण, मोजमाप आणि अनुमान हीच विज्ञानाची रीत आहे, आणि तिच्यासाठी प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. भेंडीचा एक वाफा आणि सूर्योदयापूर्वी उठणारा एक विद्यार्थी, एवढ्यावर तिचा आरंभ होऊ शकतो.