ध्वनीचा समतोल

मोबाइलवर चित्रफीत तयार करणें आमच्या भोर-वेल्ह्याच्या मुलांस आतां नवें राहिलें नाहीं. राजगडाच्या पद्मावती माचीवरील वारा, मढे घाटांतील धबधबा, भोरच्या राजवाड्याचा चौक, आणि घरच्या आजीनें सांगितलेली भातलावणीची हकीकत, असे चार तुकडे एकापुढें एक जोडले कीं काम झालें, अशी समजूत दिसते. डोळ्यांस तें शोभतेंहि. परंतु धबधबा येतांच ऐकणाऱ्याचा हात आवाज कमी करण्याकडे धांवतो, आणि आजी बोलूं लागली कीं तिचें एक अक्षर कळत नाहीं. धबधबा पुढील पावसाळ्यांतहि टिपतां येईल; आजीच्या तोंडचीं जुन्या भाताचीं नांवें मग कोण सांगणार?

संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्यें आवाजाचा मापक असतो. सर्व तुकड्यांचें सर्वांत उंच टोंक त्यावर सारखें केलें म्हणजे समतोल साधला, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. आजीनें मध्येंच एक टाळी वाजविली, तर टोंक त्या टाळीचें धरलें जातें व बोलणें खालींच राहतें. कान क्षणाचें टोंक पाहत नाहीं. कांहीं काळ टिकणारा आवाज त्यास मोठा वाटतो. म्हणूनच युरोपांतील प्रसारण-संघानें २०१० सालीं टोंकाऐवजीं कानास जाणवणाऱ्या आवाजाचें प्रमाण ठरवून दिलें.

आमचें मत असें कीं, प्रथम बोलण्याचा तुकडा कानास सुखद होईल असा लावावा, आणि बाकीचे त्याच्या मानानें खालीं आणावे. मंद आवाज फार वर ओढला तर पंख्याची घरघरहि त्याबरोबर वर येते. पार्श्वसंगीत तर बोलणें चाललें असतां दबूनच असावें. (हल्लीं ढोल-तुतारीवांचून गडाचें चित्र पुरें होत नाहीं, हें एक नवेंच संकट आहे!) तथापि सर्वच सपाट करूं नये, धबधबा हा धबधब्यासारखा वाटलाच पाहिजे.

मुद्रणाच्या वेळींच मापक तांबडा होऊन आवाज फाटला, तर मागाहून कितीहि कमी केला तरी तो फाटलेलाच राहतो. आणि उघड्या जागीं मोबाइल व बोलणारा यांमधील अंतर निम्मे केलें, तर आवाज सुमारें ६ डेसिबल वाढतो; तेव्हां आजीच्या जवळ बसावें हेंच बरें.

पालकांस एवढीच विनंती कीं, मुलानें तयार केलेली चित्रफीत कानांत यंत्र न घालतां, ओटीवर ठेवलेल्या मोबाइलवरून घरांतील वडीलधाऱ्यांस एकवार ऐकवावी, आणि कोणता शब्द कळला नाहीं तें त्यांनाच विचारावें.