सेकंडहँड व्ही-क्रॉस: २.५ की १.९?

टीममधल्या एका मित्राला सेकंडहँड इसुझु व्ही-क्रॉस घ्यायचीय. फोर बाय फोर पिकअप, शनिवारी गडाचा पायथा, रविवारी झोप! सध्या एक्सेल शीटवर कीस पाडणं चालू आहे. २०१६ला आलेलं २.५ लिटर इंजिन ३२० न्यूटन मीटर, २०२१चं बीएस-६ १.९ लिटर ३६०. म्हणजे १.९च, नाही का?

मला नाही पटत. साहेबांचं ऑफिस घरापासून सहा किलोमीटर, तेही हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून. बीएस-६ डिझेलला डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. ती काजळी जळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. रांगत्या गाडीत तो तापणार कधी? फिल्टर चोंदला की बिल बघून घाम फुटतो. २.५ बीएस-४ आहे, ही कटकटच नाही. आणि चढावर ४० न्यूटन मीटरचं काय घेऊन बसलात, लो रेंज टाकली की गिअरच टॉर्क कितीतरी वाढवतात.

रोज हायवेवर पळणार असेल तर मात्र १.९ बिनधास्त घ्यावी.

कुठलीही घ्या, इंजिन थंड असतानाच सुरू करून बघा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर चहा पिऊन निघा, दुसऱ्या दिवशी न सांगता जा.