टुटाची अळी आणि दुकानातली उधारी



यंदा आमच्या पाड्यात टमाट्याची कॅरेटं भरलीच नाहीत. आधी पानांवर पांढुरके चट्टे आले, मग पानं वाळली. फळाला टाचणीएवढं भोक आणि आत अळी. आम्हाला वाटलं करपा असेल. दुकानदाराने उधारीवर औषध दिलं. आठ दिवसांनी दुसरं दिलं, त्याहून महाग. अळी मेली नाही, वहीतला आकडा तेवढा वाढला.

या अळीचं नाव टुटा. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. २००६ साली स्पेनमध्ये पोचली आणि २०१४ मध्ये भारतात पहिल्यांदा दिसली ती आपल्या महाराष्ट्रातच. रोपं, फळं, कॅरेटं यांच्याबरोबर ती गावोगाव जाते. एक मादी अडीचशेपर्यंत अंडी घालते आणि महिनाभरात नवी पिढी तयार होते. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये बसून खाते, म्हणून फवारा तिला नीट लागत नाही. तेच औषध परत परत मारलं तर तिला ते पचायला लागतं.

म्हणून आमचं म्हणणं असं, की हे काम सगळ्या पाड्याने मिळून करायचं. एकाने प्लॉट साफ ठेवला आणि शेजारी किडकी झाडं उभी राहिली, तर पतंग रात्रीत बांध ओलांडून येतात. रोप घेताना पान उलटून बघा. चट्ट्याची पानं, किडकी फळं बांधावर टाकू नका, खड्ड्यात खोल पुरा. तोडा संपला की झाडं लगेच उपटा. कामगंध सापळे सगळ्यांनी एकदम लावा. त्यात नर पतंग अडकतात आणि कीड आल्याचं लवकर कळतं. पुढच्या साली त्या प्लॉटात टमाटा, वांगी, बटाटा नको. नागली, उडीद, खुरासणी घ्या. फवारायचंच असेल तर औषध बदलून मारा, दोन औषधं एकत्र कालवू नका, तोंडाला फडकं बांधा.

आता जमिनीचं. पंचनामा करा म्हटलं की साहेब सातबारा मागतात. आपले दावे तर अजून पडून आहेत. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो, दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला हुसकता येत नाही. मग त्याचं नुकसान मोजायला काय अडतं?

वनपट्टा कायद्याने विकता येत नाही. पण उधारी फिटेना म्हणून प्लॉट दुसऱ्याला कसायला दिला, तर कागद आपल्या पेटीत आणि पीक त्याच्या घरात. आयाबापांनी मोर्चे काढून, मार खाऊन राखलेली जमीन औषधाच्या वहीत घालवायची का?

येत्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या. पाड्याला सरकारी खर्चाने कामगंध सापळे मिळावेत. आणि दावा मंजूर नसला तरी प्लॉटावरच्या पिकाचा पंचनामा व्हावा. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह घ्या, जपून ठेवा.

कसणाऱ्यांची एकजूट जिंदाबाद!