कोंबडीला टॉनिक पाजण्याआधी रक्त तपासा

अर्धापूर भागातल्या पोल्ट्रीवाल्या भावांनो, स्पष्टच बोलतो. पिल्लं लंगडायला लागली की पाण्यात डी-३ची बाटली ओतायची, हे थांबवा. शेडमधल्या ब्रॉयलरला ऊन मिळत नाही, म्हणून डी-३ लागतंच. पण ते तयार खाद्यात आधीच घातलेलं असतं. हे जीवनसत्त्व अंगात साठतं. अती झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडं खराब होतात. तुरा फिका, विष्ठेत रक्त? ते कॉक्सी असू शकतं. तिथं डी-३चा उपयोग नाही.

उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण प्रत्येकानं पिल्लं घेऊन तिथवर जायचं का? रक्ततपासणी तालुक्याच्या दवाखान्यातच व्हायला हवी. आणि खाद्याच्या पोत्यावर डी-३चं प्रमाण मराठीत, ठळक छापा. खर्च आपला, मर आपली; मग माहिती आपल्याला का नको?

पटलं तर पुढं पाठवा.